सोजरमाय आणि गुलाबी ज्वारी

बाळंतिणीच्या खोलीतून पहिलं रडणं ऐकू आलं की दाराशी बसलेली बाई थाळी वाजवायला हात उचलायची. पण आत सोजरमाय असली तर तिचाच आवाज आधी बाहेर यायचा, "थांब गं. मला बघू दे आधी."

मग ती बघायची. बाळाला पुसून मांडीवर आडवं घ्यायची, हातापायांची बोटं एकेक करून सुटी करायची. अंगठा मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीवरून फिरवायची. करंगळी तोंडात घालून टाळू चाचपायची. कानाच्या पाळ्या दुमडून सोडायची. शेवटी पापण्या हलकेच उघडायची, आणि त्या वेळी स्वतःचा श्वास रोखून धरायची. आई मान उचलून विचारायची, "माय, पोरगा का पोरगी?" त्या प्रश्नाची सोजरमायला घाई नसायची.

"सांगते. पुरं हाय का ते बघू दे."

'पुरं' हा तिचा शब्द. बाळ कितीही गुटगुटीत असलं तरी "छान आहे" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "आजच्या दिसाला पुरं हाय," एवढंच म्हणायची आणि हात धुवायला उठायची. थाळी त्यानंतर वाजायची.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी हैदराबादेत मिडवाईफचं शिकून आले होते आणि झरीपासून तीन कोसांवरच्या एका गावी माझी नेमणूक झाली. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्यातले काहीजण अजून तिथे आहेत. दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल, औषधांचं कपाट. दर गुरुवारी परभणीहून डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस मीच. मला वाटलं होतं, मी आले म्हणजे आता दाईचं काम संपलं. पहिले सहा महिने मला एकाही बाळंतपणाला कुणी बोलावलं नाही. सातव्या महिन्यात सोजरमाय स्वतःच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

"नर्सबाई, तुमच्याजवळ ते वासाचं साबण हाय म्हणत्यात."

"कार्बोलिक. आहे की."

"द्या एक. आन् तुमीबी चला. कात्री-साबण तुमचं, हात माझा."

तेव्हापासून आम्ही जोडीनं जायला लागलो. ती हटकर धनगरांची. नवरा लिंबाजी मेंढ्या राखायचा आणि घरात सगळ्यांच्याच अंगाला लोकरीचा वास असायचा. उंच, हाडकुळी, कपाळावर गोंदण, पाय कायम अनवाणी. मेंढी अडली तरी तिला बोलवायचे आणि बाई अडली तरी तिलाच. यात गावाला काही वावगं वाटत नव्हतं आणि तिलाही नाही. मी एकदा नाक मुरडलं तेव्हा म्हणाली, "बाई, मेंढी खोटं बोलत न्हाई. काय खाल्लं ते तिच्या लेंडीत दिसतंय. बाईमाणूस लपवतंय. म्हून मी मेंढीपाशी शिकले."

तिचं एक म्हणणं होतं, आणि ते ती लेकीसुनांना घोळून घोळून सांगायची: "पोट म्हंजे झाकणाचा डबा न्हाई. आई जे गिळती ते तिथं पोचतंय. चांगलंबी पोचतंय, वाईटबी पोचतंय." गरोदर बाई रस्त्यात भेटली की रामराम न करता ती आधी विचारायची, "हिरवं खाल्लं का आज?" तांदुळजा, शेवग्याचा पाला, करडईची भाजी, काहीही चाले, पण हिरवं. बायका हसायच्या. तिला हिरव्या माय म्हणायच्या.

या हिरव्याचं कारण तिनं मला एकदा मेंढवाड्यात बसून सांगितलं. मी यायच्या आधी एक कोरडं साल गेलं होतं. दसऱ्यापासून जनावरांना हिरव्याची काडी दिसली नव्हती; कळप नुसत्या वाळल्या धसकटांवर आणि कडब्यावर जगला. माघात मेंढ्या व्याल्या.

"कोकरं झाली ती आंधळी. आंधळी म्हंजे कशी? पापण्या व्हत्या. पापणी उघडून बगितली तर आत मिऱ्याएवढा डोळा. एकाला तर तेवढाबी न्हाई. उभी राहायची आन् आईच्या सडाकडं जायचं सोडून कुडाला धडकायची. लिंबाजी म्हणला, कुणाची तरी नजर लागली."

"मग?"

"मग मी कळपाकडं बगत बसले. सात मेंढ्यांची कोकरं धड व्हती. त्या साती मेंढ्या माझ्या नणंदंच्या मळ्यात बांधल्या व्हत्या. तिथं विहिरीवर शेवरी व्हती, तिचा हिरवा पाला मिळायचा. नजर लागायची तर त्यांनाबी लागली आसती की."

मी शिकलेली होते. जीवनसत्त्वांचा धडा मी पाठ केला होता: अ जीवनसत्त्वाने डोळ्यांचे आरोग्य राखले जाते. त्या ओळीचा अर्थ मला त्या मेंढवाड्यात कळला.

पण दुसरा अर्थ कळायचा होता. तो आम्हाला भुजंगराव देशमुखांच्या घरी कळला.

भुजंगराव गावातले मोठे जमीनदार. निम्मं गाव त्यांच्या रानात रोजानं जायचं. मालक म्हणूनच सगळे त्यांना हाक मारायचे. त्यांची धाकटी सून सुलोचना हैदराबादची, चार बुकं शिकलेली. पहिल्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा तिच्या माहेरहून ताकदीच्या गोळ्यांचा डबाच आला. माशाच्या काळजाचं तेल घट्ट करून भरलेल्या, पिवळ्या, मण्यांसारख्या गोळ्या. तिनं मला विचारलं, "बाई, किती घेऊ?" दवाखान्यात तेच तेल पातळ, बाटलीत असायचं; पोरांना आम्ही चमच्याने पाजायचो आणि त्यांचं रातांधळेपण जायचं. मी म्हणाले, "घ्या की, चांगल्याच असतात. बाळाला ताकद येते." किती ते मी सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं. तिनं दिवस राहिल्याबरोबर सुरुवात केली होती. सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर.

बाळंतपण सरळ झालं. भर दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं. सोजरमायनं मुलगी मांडीवर घेतली, बोटं सोडवली, पाठ बघितली. करंगळी तोंडात घातली आणि ती थांबली. पुन्हा फिरवली. मग कानाजवळचे केस बाजूला केले. उजव्या कानाच्या जागी नुसती मांसाची गाठ होती.

"बाई," ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "टाळूला खिंडार हाय."

बाहेर थाळी वाजली नाही. सासूबाई आत आल्या, बघितलं आणि सुनेवर तुटून पडल्या: ग्रहणात ही सुरी घेऊन बसली होती, मी सांगत होते, ऐकलं नाही. सुलोचना भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. सोजरमाय हात धूत होती, ती तशीच ओल्या हातांनी वळली.

"काकूसाहेब, गिराण साऱ्या गावाला लागलं. त्या महिन्यात दिवस गेलेल्या चौघी बाया मी बाळंत केल्या. सुरी-विळी समद्यांच्याच हातात व्हती. त्यांची पोरं पुरी हायत." मग सुलोचनाच्या डोक्याशी बसली. "लेकी, तू काय खात व्हतीस? घरातल्या बाकी बाया जे खात न्हाईत ते."

सुलोचनानं उशाखालचा डबा दाखवला.

सोजरमायनं एक गोळी दातांनी फोडली, जिभेवर घेतली. "माशाचं काळीज. हे दवाखान्यातलंच ना, बाई? तुमी चमच्यानं देता ते?"

मी मान हलवली.

"मीठ भाजीत पडलं तर चव. मुठीनं पडलं तर जहर," ती म्हणाली. एवढंच. मला तिनं ना तेव्हा दोष दिला, ना पुढे कधी. गुरुवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते, म्हणाले, "योगायोग असेल. जीवनसत्त्वानं कुठं व्यंग येतं का?" पुष्कळ वर्षांनी एका शिक्षणवर्गात मला शिकवलं गेलं की पहिल्या महिन्यांत या अ जीवनसत्त्वाची कमतरता जशी वाईट, तसा त्याचा अतिरेकही. सुलोचनाच्या मुलीचं तसंच झालं असं खात्रीनं आजही कुणी सांगू शकणार नाही. पण मी तो वर्ग अर्धा सोडून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते.

ती मुलगी जगली. तिला अंगावर पिता येत नव्हतं, दूध नाकातून यायचं. सोजरमाय तीन महिने रोज त्या घरी गेली. मुलीला उभं धरायची आणि कापसाच्या वातीनं शेळीचं दूध थेंब थेंब घशात सोडायची. भुजंगरावांनी मात्र मनात धरलं. आपल्या घरातल्या व्यंगाचं कारण एका मेंढरवालीनं सगळ्या बायांसमोर बोलून दाखवलं, हे त्यांना रुचलं नव्हतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत राज्याची मोडतोड झाली आणि आमचा जिल्हा मुंबईकडे गेला. कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी आली. त्याच साली परतीचा पाऊस आला नाही. भुजंगरावांनी रब्बीसाठी ज्वारीचं नवं बियाणं आणवलं होतं, पोत्यांची मोठी थप्पी. कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याला कसलीशी पूड चोळलेली होती आणि दाणा गुलाबी दिसायचा. जमिनीत ओल नसल्यानं निम्मी पेरणी राहिली आणि बियाणं उरलं. दिवाळीपासून मालकांनी रोजदारांना मजुरी म्हणून तेच द्यायला सुरुवात केली.

रंगाला लोक बिचकले. कुणीतरी शहाणपणानं कोंबड्यांना टाकून बघितलं. चार दिवस, आठ दिवस. कोंबड्यांना काहीही झालं नाही. मालक म्हणाले, "रंग आहे नुसता. धुतला की जातो." आणि खरंच जात होता. तीन पाण्यांनी धुतली की ज्वारी पांढरी व्हायची. टंचाईच्या साली त्या पांढऱ्या भाकरीला नावं ठेवायची कुणाची छाती होती?

सोजरमायच्या घरीही तीच ज्वारी आली. तिचा मुलगा ग्यानबा मालकांकडे रोजानं होता. त्याची बायको कौशी पहिलटकरीण, दोन-तीन महिन्यांची. सोजरमाय स्वतः ज्वारी धुवायची, वाळवायची, दळायची. धुतलेलं गुलाबी पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मेंढ्यांच्या डोणीत ओतायची. कौशीला आपल्या वाटची अर्धी भाकर द्यायची. "खा, तू दोन जिवांची."

संक्रांतीच्या सुमारास दवाखान्यात माणसं यायला लागली. ओठांभोवती मुंग्या येतात. बोटांना बधिर वाटतं. एक म्हातारा सपाट जमिनीवर अडखळून पडायला लागला. मी ताकदीचं औषध देत राहिले.

माघात मेंढ्या व्यायला लागल्या. एका सकाळी सोजरमाय दवाखान्यात आली ती आत न येता दारातच उभी राहिली.

"बाई, चला माझ्यासंगं."

मेंढवाड्यात नऊ कोकरं पडलेली होती. मी तिच्यासारखीच एकेकाला तपासलं. पाय चार, डोळे दोन, टाळू धड. सगळी पुरी होती. पण त्यांतलं एकही उभं राहत नव्हतं. उभं केलं की पाय फाकायचे, मान थरथरायची आणि डोकं एका बाजूला कलंडायचं. डोळे उघडे होते, पण मी बोट फिरवलं तर डोळे फिरत नव्हते. शेजारी त्यांच्या आया धडधाकट उभ्या होत्या, रवंथ करत होत्या.

"नणंदंच्या मळ्यातलं हिरवं भरपूर खाल्लंय औंदा," सोजरमाय म्हणाली. "म्हंजे ते न्हाई. आन् आयांना काईच न्हाई झालेलं." तिची नजर डोणीकडे गेली. डोणीच्या दगडाला गुलाबी कड धरली होती. तिनं वाकून ती कड नखानं खरवडून बघितली.

"आईला सोडून पोटातल्याला धरायलंय, बाई."

मी काही बोलणार तेवढ्यात कौशी घागर घेऊन आली. पाचवा-सहावा महिना होता तिला. "आत्याबाई, भाकरी थापू का?" तिनं विचारलं.

"नको," सोजरमाय ओरडली. मी तिला ओरडताना तेवढं एकदाच ऐकलं. कौशी घाबरून जागीच थांबली. सोजरमाय घरात गेली, ज्वारीची कणगी दोन्ही हातांनी ओढत बाहेर आणली आणि उकिरड्याच्या खड्ड्यात पालथी केली. वर माती लोटली.

त्या दिवशी ती घरोघर गेली. कौशी सोडून गावात आणखी सहा बाया गरोदर होत्या आणि सहाही घरांत मजुरीची ज्वारी होती. तिनं पदर पसरून सांगितलं. काहींनी ऐकलं. एकीच्या सासूनं तिला दारातून ढकललं. "मेंढरं मेली म्हून लोकांच्या तोंडचा घास काढतीस का? आमी काय खावं मग?"

हा प्रश्न खरा होता. दुसऱ्या दिवशी ती झरीच्या बाजाराला गेली आणि जाताना कळपातल्या चांगल्या पाच मेंढ्या घेऊन गेली. येताना गाडीत जुनी, बिनरंगाची ज्वारी होती. ती त्या सहा घरांत वाटली. संध्याकाळी मी तिथे होते तेव्हा लिंबाजी म्हणाला, "आपल्याच पोटावर पाय दिलास."

"पोटासाठीच दिला," ती म्हणाली.

मग ती मालकांकडे गेली. मी बरोबर होते. भुजंगराव ओसरीवर बसले होते. तिनं सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी गावाला जहर वाटतो म्हणतेस?"

"तसं न्हाई मालक. तुमालाबी ठाऊक नसंल. पण आता थांबवा."

"माझ्या सुनेच्या वेळी गोळ्यांना बोललीस. आता बियाण्याला. दाई आहेस, दाईचं काम कर. आणि नर्सबाई, तुम्ही सरकारी नोकर आहात, हे विसरू नका."

आम्ही परत निघालो. गल्लीच्या वळणावर मागून कुणीतरी भरभर चालत आलं. सुलोचना होती, डोक्यावरून पदर, कडेवर मुलगी. तिनं माझ्या हातात एक चुरगळलेला पुठ्ठा दिला. "गडी पोती सोडताना हे तोडून टाकतात. मामंजींनी वाचलं नसेल. मी आज वाचलं," एवढं बोलून ती वळली.

पुठ्ठ्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली होती. खाली इंग्रजीत आणि उर्दूत एकच मजकूर होता. विष. फक्त पेरणीसाठी. माणसांनी किंवा जनावरांनी खाऊ नये. गावात मराठीही वाचणारी माणसं थोडी; इंग्रजी-उर्दू कोण वाचणार? मी सोजरमायला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पुठ्ठा हातात घेऊन त्या कवटीवरून बोट फिरवलं.

"हे चित्र तर मलाबी कळलं आसतं," ती म्हणाली. "कुणी दावलं आसतं तर."

मी तो पुठ्ठा भुजंगरावांना दाखवला. त्यांचा चेहरा पडला, हे मला सांगितलं पाहिजे. त्या दिवसापासून त्यांनी मजुरीत ती ज्वारी देणं बंद केलं. मला वाटलं, उरलेली ते पुरून टाकतील. चार दिवसांनी पहाटे त्यांच्या तीन गाड्या भरून गावाबाहेर गेल्या. कुठल्या बाजाराला गेल्या ते गाडीवानांनीही सांगितलं नाही. धुतलेली, पांढरी केलेली ज्वारी. ती कुणाच्या ढिगात मिसळली असेल, कुणी ओळखणार होतं?

डॉक्टरांनी या वेळी योगायोग म्हटलं नाही. त्यांनी पुठ्ठा ठेवून घेतला आणि अहवाल लिहिला. अहवाल हैदराबादला गेला. तिकडून महिन्यांनी उत्तर आलं की तुमचा जिल्हा आता आमच्याकडे नाही. मुंबईकडे पाठवला, तर तो नव्या नमुन्यात मागितला गेला. त्या नव्या नमुन्यात डॉक्टर पुठ्ठा जोडायला गेले, तेव्हा पुठ्ठा पहिल्या कागदांबरोबरच गेल्याचं कळलं.

फाल्गुनापासून बाळंतपणं सुरू झाली. सहा बाया, सहा बाळं. प्रत्येक वेळी सोजरमायनं थाळी थांबवली, बोटं, पाठ, टाळू, कान, डोळे बघितले. सगळी पुरी होती. घरोघर थाळ्या वाजल्या. जिनं तिला ढकललं होतं ती सासू मुद्दाम गूळ घेऊन आली. "बग, काई झालं का? उगी भ्या घातलंस." सोजरमायनं गूळ घेतला. ती गेल्यावर मला म्हणाली, "कोकरंबी पुरीच व्हती, बाई."

कौशी वैशाखात बाळंत झाली. मुलगा. सोजरमायनं नातवाला तपासायला इतका वेळ लावला की मला राहवेना. शेवटी कौशीच बोलली, "आत्याबाई, बोला की."

"आजच्या दिसाला पुरं हाय," सोजरमाय म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कौशी हसली. ग्यानबानं बाहेर स्वतः थाळी वाजवली.

त्यानंतर आम्ही दोघी वाट बघत राहिलो. दुसरं काही हातात नव्हतं. दीड महिना झाला तरी नातू हसेना. सोजरमाय हिरव्या काकणाचा तुकडा उन्हात चमकवून त्याच्यासमोर फिरवायची. त्याचे डोळे छताकडे. तिसरा महिना, चौथा महिना. मान धरेना. पाचव्या महिन्यात पहिला झटका आला. तोवर आणखी दोन घरांतून मला तसंच बोलावणं आलं होतं, आणि ती गूळ घेऊन आलेली सासू त्यांतल्याच एका घरातली होती. तिच्या नातीची मान मी हातावर तोलून धरली तेव्हा ती बाई माझ्या हाताकडे बघत राहिली.

कौशीनं एका दुपारी सगळ्यांसमोर विचारलं, "माझं काय चुकलं? माझ्या पोराला का?"

सोजरमाय नातवाला घेऊन बसली होती. "तुझं काईच न्हाई चुकलं," ती म्हणाली. "ज्वारी मी धुतली. भाकर माझ्या हातची व्हती. माझ्यातली अर्धी काढून तुला दिली." ती रडली नाही. कौशीच तिच्या गळ्यात पडून रडली.

आता कळतं की त्या पुडीत पाऱ्याचं विष होतं. पाण्यानं रंग जातो, विष दाण्यातच राहतं. आईच्या अंगातून वारेतून ते बाळाकडे जातं आणि बाळाच्या मेंदूत घर करतं. हे पुस्तकात आहे. मी ते वाचलं तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही.

साठ साल उजाडायच्या आधी माझी बदली पाथरीला झाली. निरोप द्यायला सोजरमाय आली नाही. लोक म्हणाले, ती हल्ली गावात नसतेच. कौशीला दुसऱ्या वेळी मुलगी झाली होती, ती चांगली धड होती. घर आणि मेंढ्या आता कौशी बघायची.

सोजरमायला मी त्यानंतर एकदाच बघितलं. पाथरीचा आठवडी बाजार होता. दवाखान्यासाठी कंदिलाच्या काचा घ्यायला मी गेले होते. धान्याच्या ओळीत गलका ऐकू आला. एक उंच, अनवाणी म्हातारी ज्वारीच्या ढिगासमोर बसली होती. तिनं मूठभर दाणे घेतले, तळहातावर थुंकून चोळले आणि कुठं गुलाबी उतरतंय का ते तळवा उन्हात धरून बघितलं. ढिगाचा मालक ओरडत होता, "ऊठ गं येडे, धान्य बाटवायलीस का?" ती उठली, दाणे त्याच्या ढिगात न टाकता बाजूला झटकले आणि पुढच्या ढिगासमोर बसली. पाठीवर घोंगडीत बांधलेलं तीन वर्षांचं पोर होतं. पाय लोंबत होते, डोकं मागे कलंडत होतं. ती एका हातानं दाणे चोळत होती आणि दुसरा हात पाठीमागे नेऊन त्याची मान धरून ठेवत होती.

मी जवळ जाऊन हाक मारली. तिनं वर बघितलं, ओळखलं.

"माय, अजून शोधते आहेस?"

"मानवत झालं, सेलू झालं, जिंतूर झालं," ती म्हणाली. "तीन गाड्या गेल्या व्हत्या, बाई. कुटं तरी उतरल्याच आसतील."

"इतक्या वर्षांनी? ती ज्वारी कधीच कुणीतरी खाल्ली असेल, माय."

"ती खाल्ली आसंल," ती म्हणाली. "पण बियाणं दर साली येतंय."

मी तिला दवाखान्यात चल म्हणाले, पोराला बघते, चहा घे. तिनं मान हलवली. ऊन उतरायच्या आत तिला सगळे ढीग बघायचे होते. मी तिथेच उभी राहिले. ती ओळीनं पुढे सरकत गेली. बसायची, चोळायची, तळवा उन्हात धरायची, उठायची. ओळीच्या टोकाला एका ढिगापाशी ती बसली आणि तिचा तळवा उन्हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच राहिला. मग तिनं मान वळवून गर्दीत मला शोधलं.